ब्रॅम्ली : एका सफरचंदाच्या नावाचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी आज एका झाडाचा इतिहास मांडणार आहे. इंग्लंडमधील साउथवेल या गावी १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने घराच्या बागेत सफरचंदाच्या बिया रुजत घातल्या. त्यांतील एका रोपाचा पुढे वृक्ष झाला. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या तरुण रोपविक्रेत्याने कलमांसाठी त्याच्याकडे डहाळ्या मागितल्या. ब्रॅम्लीने होकार दिला, पण फळाला आपलेच नाव द्यावे, या अटीवर! मेरी ॲन त्यापूर्वीच, १८५२ मध्ये, निवर्तली होती.

या जातीचे पूर्ण नाव 'ब्रॅम्लीज सीडलिंग', म्हणजे ब्रॅम्लीचे बियांपासून झालेले रोप. ज्याने बी पेरलेच नाही, त्याचे! मला हा अन्याय वाटतो. अर्थात, आपल्या हापूसच्या नावातही अफोन्सो हे पोर्तुगीज नाव दडले आहे. मूळ झाड कोणी लावले, हे कोण विचारतो?

नावाला एवढे महत्त्व का, हे कलमाच्या विद्येत आहे. सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड होत नाही. म्हणून जगातील प्रत्येक ब्रॅम्ली हे परंपरेने त्या एकाच वृक्षाचे कलम होय. आंब्याची कलमे बांधणाऱ्या गोमंतकीयांना हे समजावून सांगायला नको.

फळ मोठे, हिरवे, किंचित चपटे आणि चांगलेच आंबट. कच्चे खाणारे थोडे. पण शिजवले की गर फुलून मऊसूत होतो, आणि आंबटपणा मात्र टिकतो. म्हणूनच इंग्रज गृहिणीने ते पायसाठी जवळ केले. या झाडात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यामुळे त्याचे पराग इतर झाडांच्या फारसे उपयोगी पडत नाहीत, आणि त्याला स्वतःला मात्र शेजारी दुसऱ्या जातीची झाडे लागतात. मेरीवेदरच्या वहीत पहिल्या विक्रीची नोंद ३१ ऑक्टोबर १८६२ ची आहे : तीन फळे, दोन शिलिंग.

१९०० च्या वादळात मूळ वृक्ष आडवा झाला, तरी जगला आणि फळत राहिला. पुढे बुरशीने त्याला ग्रासले, तेव्हा नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्या ऊतींपासून नवी रोपे तयार केली. त्यांनाही नाव ब्रॅम्लीचेच.