अल्सर, मंत्र आणि छीगाँग

मागच्या वर्षी मान अशी आखडली की शेजारच्या स्क्रीनकडे बघायला अख्खं अंग वळवावं लागायचं. यूट्यूबवर ‘बाद्वानजिन’ हा आठ हालचालींचा छीगाँग सापडला. शिकवणारा म्हणाला, ही पाच हजार वर्षांची विद्या. इतका गोल आकडा दिसला की मी आधी लॉग उघडतो.

हालचाली जुन्या आहेतच. 1973 मध्ये चीनमधल्या मावांगद्वे इथे एका थडग्यात रेशमावर रंगवलेला तक्ता मिळाला. थडगं इ.स.पू. 168 चं. तक्त्यावर वाकणारी, हात ताणणारी 44 माणसं, बायकाही. या व्यायामाला तेव्हा ‘दाओयिन’ म्हणत. ‘ची’ म्हणजे श्वास, वाफ आणि अंगात खेळणारी शक्तीही. आपल्या ‘प्राणा’च्या जवळचा शब्द. ‘गाँग’ म्हणजे सरावाने कमावलेलं कसब.

पण या सगळ्या प्रकारांवर ‘छीगाँग’ ही एकच पाटी लागली ती थेट 1949 च्या सुमारास. लिऊ ग्वेजेन हा हेबेई प्रांतातला कम्युनिस्ट कार्यकर्ता अल्सरने बेजार होता. 1947 मध्ये तो गावी गेला, नात्यातल्या एका जाणत्याकडून श्वासाची पद्धत शिकला आणि बरा झाला. (अल्सर कधीकधी आपसूकही बरा होतो, पण असो.) डॉक्टर कमी, औषधं महाग, पक्षाला हा फुकटचा उपाय आवडला. अडचण मंत्राची होती. त्यात सोन्याच्या ड्रॅगनचा पंजा वगैरे होतं. ते काढून ‘शांत बसल्याने तब्येत सुधारते’ अशा अर्थाचं सरळ वाक्य घातलं. आमच्याकडे याला रिफॅक्टरिंग म्हणतात: काम तेच, आतली नावं नवी. गुरूच्या जागी दवाखाना आला. तांगशान आणि बेदाइहे इथे छीगाँगची आरोग्यधामं निघाली.

नाव बदलूनही सुटका झाली नाही. सांस्कृतिक क्रांतीत हीच पद्धत अंधश्रद्धा ठरली, लिऊलाही शिक्षा झाली. सत्तरच्या दशकात कॅन्सरशी झगडणारी चित्रकार ग्वो लिन बीजिंगच्या बागांमध्ये लोकांना चालत करायचा छीगाँग शिकवू लागली. ऐंशीच्या दशकात तर लाटच आली: तुडुंब सभागृहं, तळहातातून ‘ची’ सोडणारे गुरू, आणि पाठीशी रॉकेटशास्त्रज्ञ छियान श्वेसेन! 1999 मध्ये फालुन गाँगवर बंदी आली, बाकीच्या गटांवरही टाच आली. मग सरकारनेच प्रमाणित संच काढले.

माझा बाद्वानजिन त्यातलाच एक. मान आता वळते. ‘ची’मुळे, की वीस मिनिटं खुर्ची सुटते म्हणून, हे अजून वेगळं करून पाहिलेलं नाही.