पडद्यावरील परक्या बोलीचा अस्सलपणा : गोडबोल्यांची इंग्रजी आणि साहेबाची हिंदी

मूकपटाच्या काळात नटाचा उच्चार हा प्रश्नच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि नटाच्या रूपाबरोबर त्याच्या जिभेचीही परीक्षा सुरू झाली. रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना ही मूकपटांतील अत्यंत लोकप्रिय नायिका. परंतु हिंदुस्थानी नीट बोलता येत नसल्याने तिला काही काळ थांबून भाषा शिकावी लागली, आणि त्यानंतरच ती बोलपटात स्थिरावली. मात्र अवघ्या चार वर्षांनी, १९३५ मध्ये, वाडिया बंधूंचा ‘हंटरवाली’ आला. त्याची नायिका नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी एव्हान्स. तिच्या हिंदी उच्चारांतील परकेपणा कधी लपला नाही. तरीही प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. तिचा खरेपणा लोकांनी तिच्या उच्चारांत शोधलाच नाही. जिवावर उदार होऊन केलेल्या तिच्या साहसांतच त्यांना तो दिसला.

एकाच दशकातील हे दोन निवाडे लक्षात घेतले म्हणजे ‘अस्सल उच्चार’ ही कल्पना वाटते तितकी सरळ नाही, हे दिसून येते. उच्चाराचा अस्सलपणा मूळ भाषकाशी ताडून ठरत नाही. चित्रपटाने कोणाचे कान गृहीत धरले आहेत, त्यावरून तो ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या पडताळणीसाठी इंग्रजी चित्रपटांतील भारतीय आणि हिंदी चित्रपटांतील इंग्रज अशा दोन्ही बाजूंच्या काही उदाहरणांचा येथे विचार केला आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण गोडबोल्यांचे आहे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या कादंबरीतील प्राध्यापक नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण आहेत; त्यांचे आडनावच त्यांचा प्रांत सांगते. डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा ही भूमिका ॲलेक गिनेस या थोर इंग्रज नटाला दिली. चेहऱ्याला रंग फासून गिनेस जी इंग्रजी बोलतात, ती ‘भारतीय’ आहे खरी, परंतु ती भारताच्या कोणत्या भागातील, हे सांगता येत नाही. बंगाली माणसाच्या इंग्रजीत ‘व’चा ‘भ’ होतो, मराठी माणूस ‘झेड’ हा ध्वनी आपल्या ‘झ’च्या जवळ नेऊन ठेवतो, तमिळ भाषकाचा हेल आणखी वेगळा. यांपैकी गोडबोल्यांचे काय, हा प्रश्न चित्रपटापुढे उभाच राहत नाही. गिनेस यांच्या निवडीवर त्या काळीही टीका झाली, पण ती मुख्यतः रंगाविषयी होती. पुण्या-सांगलीकडच्या कानाला ही बोली कशी लागेल याची चिंता करण्याचे कारणच नव्हते, कारण तो कान गृहीत धरलेला नव्हता.

याहून विचार करायला लावणारा नट म्हणजे पीटर सेलर्स. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिटिश हवाई दलाच्या करमणूक पथकातून भारतात हिंडला होता. म्हणजे येथील इंग्रजी त्याने प्रत्यक्ष ऐकलेली होती, आणि त्याचा कान तर विलक्षण तीक्ष्ण होता. ‘द मिलियनेअरेस’ (१९६०) या चित्रपटात त्याने भारतीय डॉक्टर रंगवला. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचे. त्यात हा डॉक्टर इजिप्शियन आहे. चित्रपटाने त्याला भारतीय केले, परंतु नाव मात्र अहमद अल कबीर असे ठेवले. नाव अरबी, हेल हिंदुस्थानी, आणि लंडनच्या प्रेक्षकाला त्यात काहीच खटकण्यासारखे नव्हते! पुढे ‘द पार्टी’ (१९६८) मध्ये सेलर्सने बक्षी नावाचा धांदरट भारतीय नट उभा केला. या हेलाची परंपरा त्याच्याबरोबर संपली नाही. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील अपू या भारतीय दुकानदाराला हँक अझारिया या नटाने १९९० पासून आवाज दिला. आपल्या कल्पनेमागे ‘द पार्टी’तील सेलर्स होता, हे त्याने स्वतः सांगितले आहे. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत हाच आवाज काढून चिडवले जाई. हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ मधील माहितीपटाने ही तक्रार जाहीरपणे मांडली आणि २०२० मध्ये अझारियाने हा आवाज देणे थांबविले. नकलेची नक्कल तीन दशके चालली. तिचा मूळ भाषकाशी संबंध केव्हाच तुटला होता. मात्र तिची शिक्षा भोगली ती ज्यांची स्वतःची इंग्रजी निखळ अमेरिकन होती त्या मुलांनी.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे मूळ आवाज उपलब्ध आहे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असता त्यांचे इंग्रजी भाषण ध्वनिमुद्रित झाले होते. तो आवाज मृदू, संथ, काहीसा एकसुरी आहे. बेन किंग्जली यांचा आवाज त्याहून भरीव आहे. किंग्जली यांचे जन्मनाव कृष्णा भानजी, वडिलांचे कुटुंब मूळ गुजराती, म्हणून ही निवड योग्य, असे समर्थन तेव्हा होत असे. परंतु रक्तातून हेल येत नाही. ते वाढले इंग्लंडमध्ये, आणि गांधीजींची बोली त्यांना इतर कोणत्याही नटाप्रमाणे शिकावीच लागली. त्यांच्यासमोर कस्तुरबांच्या भूमिकेत होत्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी, ज्यांची इंग्रजी उपजतच भारतीय. एक हेल शिकलेला, दुसरा अंगचा. तरी दोन्ही एका घरातले वाटतात. शिवाय हे दाम्पत्य एकमेकांशी गुजरातीत बोलत असे, चित्रपटात मात्र इंग्रजीत बोलते, हे आपण पहिल्या पाच मिनिटांतच विसरतो. तेव्हा उच्चारातील लहानसहान तफावतीने बिघडत नाही. ज्या पात्राला हेलापलीकडे बोलायला काही दिलेले असते, त्याचा हेल प्रेक्षक सांभाळून घेतो. बक्षी आणि अपू यांच्याजवळ प्रथमपासून हेलाचीच मिळकत होती.

आता आपल्याकडील बाजू. हिंदी चित्रपटातील गोरा साहेब ‘तुम क्या मांगता’ या थाटाची मोडकी हिंदी बोलतो. ही ऐतिहासिकदृष्ट्या खरी आहे काय? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात १८०० पासून कंपनीच्या अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी शिकविली जात असे; मुंबई इलाख्यात मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, जो आजही आपल्या टेबलावर असतो. परंतु दुसरीकडे स्टील आणि गार्डिनर या लेखिकांच्या १८८८ मधील गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मडमांनी हिंदुस्थानी शिकावी ती कशासाठी, तर नोकरांना कळेल असा हुकूम देता यावा म्हणून, असे सांगितले आहे. आज्ञार्थापुरती शिकलेली भाषा मोडकीच राहणार. शिवाय ‘मांगता’ हे रूप मुंबईच्या बाजारी हिंदीतही आढळते. म्हणजे ही बोली एकट्या साहेबाची नव्हती; साहेब, खानसामा आणि दुकानदार यांनी मिळून ती घडविली. चित्रपटाने ती साहेबाच्या एकट्याच्या पदरात बांधली. यात थोडा सूड आहे, आणि तो समजण्यासारखाही आहे.

‘लगान’ (२००१) मध्ये पॉल ब्लॅकथॉर्न व रेचल शेली, तर ‘मंगल पांडे’ (२००५) मध्ये टोबी स्टीफन्स हे ब्रिटिश नट हिंदी संवाद शिकून आले. त्यांच्या उच्चारांची चर्चा झाली. कच्छमध्ये चित्रित झालेल्या ‘लगान’मधील गावकरी अवधी वळणाची हिंदी का बोलतात, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले.

या साऱ्या इतिहासातील विसंगती टॉम ऑल्टर यांच्या कारकिर्दीत एकवटली आहे. अमेरिकन मिशनरी घराण्यातील हा नट १९५० मध्ये मसुरीत जन्मला आणि १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून पदविका घेऊन बाहेर पडला. त्यांचे उर्दूवरील प्रभुत्व असे होते की अनेक हिंदी नटांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मध्ये त्यांना कॅप्टन वेस्टनची भूमिका दिली. नवाब वाजिद अली शाहची कविता वरिष्ठाला उलगडून सांगणारा, त्या भाषेवर लोभ असलेला तो इंग्रज आहे. परंतु बाजारू चित्रपटांनी त्यांच्याकडून बहुतेक वेळा मागितला तो ठरीव गोरा साहेब. ‘अस्सल’ वाटावे म्हणून या माणसाला स्वतःची अस्सल जीभ मोडून घ्यावी लागली. ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) मधील नायिकेच्या पहाडी भावासारखी भूमिका अपवादानेच वाट्याला आली. पुढे रंगभूमीवर त्यांनी मौलाना आझाद यांची एकपात्री भूमिका केली. गोरा वर्ण, निळे डोळे, आणि मुखातून मौलानांची भारदस्त उर्दू! २०१७ मध्ये निधन होण्यापूर्वी अनेक वर्षे ते हा प्रयोग करीत होते, आणि प्रेक्षक तो ऐकायला येत होते.