शिसे आणि मानवी शरीर

शिसे (मानवी आरोग्यावरील परिणाम) : शरीरात कोणतेही काम नसलेला जड व विषारी धातू, अणुक्रमांक ८२. लोह, जस्त आणि तांबे शरीराला ठरावीक मात्रेत लागतात, शिसे मात्र कणभरही लागत नाही. तरीही आतडे, रक्त, हाडे आणि मेंदू या सगळीकडे त्याला वाट मिळते. त्याच्या आयनावर कॅल्शियमच्या आयनाप्रमाणेच दोन धन भार असतात, आणि कॅल्शियम, लोह व जस्त यांच्या जागा बळकावणे त्याला सहज जमते. म्हणूनच शिशाच्या विषबाधेत किती शिसे पोटात गेले याबरोबर आणखी बरेच काही पाहावे लागते : माणसाचे वय, त्याचा आहार, हाडांतला साठा आणि संप्रेरकांची स्थिती.

प्रौढ माणसाने गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. रिकाम्या पोटी शोषण कित्येक पटींनी वाढते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अन्नातले लोह आत घेणारे ‘डीएमटी-१’ नावाचे प्रथिन असते, आणि तेच शिशालाही आत घेते. लोहाची कमतरता झाली की शरीर हे प्रथिन वाढवते, म्हणजे लोहासाठी उघडलेली जास्तीची दारे शिशालाही मिळतात. आहारात कॅल्शियम कमी असले तरी शिशाचे शोषण वाढते. त्यामुळे एकाच वस्तीत, एकाच धुळीत खेळणाऱ्या दोन मुलांपैकी कुपोषित मुलाच्या रक्तात शिसे अधिक सापडण्याची शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तक्षयाची सगळीच कारणे लोहाशी निगडित नसतात. पण हा आकडा पाहता शिशाचा प्रश्न पोषणापासून वेगळा काढून हाताळणे चुकीचे आहे.

रक्तात आलेले शिसे जवळजवळ सगळे तांबड्या पेशींत जाते आणि हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, तयार करण्याच्या साखळीत बिघाड करते. या साखळीतले एक एंझाइम जस्तावर चालते. शिसे त्यातले जस्त हुसकावून लावते. शेवटच्या पायरीवर लोह जागेवर बसवणारे एंझाइमही ते निकामी करते, आणि लोहाच्या जागी जस्त अडकलेले अर्धवट रेणू रक्तात साठतात. पातळी बरीच वाढली की शिशामुळेच रक्तक्षय होतो. लोहाच्या कमतरतेने शिसे आत येते आणि आत आलेले शिसे लोहाचा वापर होऊ देत नाही, असे हे चक्र आहे. मूत्रपिंडातही असाच घाला पडतो. ड जीवनसत्त्वाचे कार्यशील संप्रेरकात रूपांतर तिथे होते, आणि शिशाची पातळी जास्त असलेल्या मुलांत हे संप्रेरक कमी झालेले दिसते. ते कमी झाले की आतड्यातून कॅल्शियम कमी उचलले जाते.

हाडांतील साठा. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते. त्यातले काही लघवीवाटे बाहेर पडते, पण बरेचसे हाडांत जाते. प्रौढांच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तिथून निम्मे व्हायला त्याला दशके लागतात. रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून शरीर शिसेमुक्त आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. हाडांची झीज आणि भर आयुष्यभर चालू असते. तिचा कारभार परावटू ग्रंथीचे संप्रेरक, ड जीवनसत्त्व आणि इस्ट्रोजेन यांच्या हाती असतो. हाडातून कॅल्शियम सोडण्याचा हुकूम निघाला की त्याबरोबर शिसेही सुटते.

याचा लख्ख पुरावा ऑस्ट्रेलियातून मिळाला. वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. ब्रोकन हिलसारख्या प्राचीन खनिजसाठ्यांमुळे ऑस्ट्रेलियातल्या शिशाची ओळख युरोपातल्या शिशाहून सहज निराळी पडते. ब्रायन गल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पूर्व युरोपातून नुकत्याच स्थलांतरित झालेल्या स्त्रियांच्या रक्ताचा गर्भारपणात आणि प्रसूतीनंतर सातत्याने माग घेतला. त्या स्त्रिया ऑस्ट्रेलियाचे अन्न खात होत्या, तिथल्याच हवेत श्वास घेत होत्या. तरी त्यांच्या रक्तातले शिसे गर्भारपणात वाढत गेले, बाळंतपणानंतर आणखी चढले, आणि त्यावर ठसा होता त्यांच्या मायदेशाचा. मुलीच्या लहानपणी हाडांत बसलेले शिसे असे ती आई होताना रक्तात उतरते, वार ओलांडते आणि गर्भापर्यंत पोहोचते. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या जवळपासच असते.

मेक्सिको सिटीत गर्भवतींवर झालेल्या आणि २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही स्त्रियांना पहिल्या तिमाहीपासून रोज रात्री १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देण्यात आले. त्यांच्या रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिले. घट लहान आहे, पण एका साध्या, स्वस्त गोळीने ती मिळाली, आणि गर्भातल्या मेंदूची जडणघडण चालू असताना मिळाली. गर्भवतींना कॅल्शियम देण्यामागे हाही एक विचार असायला हवा.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवरून १९८८मध्ये दिसून आले, की रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या रक्तातले शिसे वाढते. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार ज्या वयात डोके वर काढतात त्याच वयात ही भर पडते, आणि शिसे हे दोन्ही विकार वाढवते.

मेंदू. चेतापेशी एकमेकींना संदेश देतात ते कॅल्शियमच्या नेमक्या हालचालींवर. शिसे त्यात लुडबुड करते, आणि वाढत्या वयात या जोडण्या बनत-मोडत असताना झालेली हानी भरून निघत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. १९७९मध्ये त्यांनी दाखवून दिले, की आजाराचे एकही लक्षण नसलेल्या मुलांतही अधिक शिसे म्हणजे कमी बुद्ध्यंक आणि वर्गात कमी अवधान. १,३३३ मुलांच्या एकत्रित माहितीवरचा २००५चा अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा आहे. पातळी प्रति डेसिलिटर २.४वरून १० मायक्रोग्रॅमवर गेली तर बुद्ध्यंक ३.९ गुणांनी घसरतो. १०वरून २०वर जाताना घसरण १.९ गुणांची असते. म्हणजे पहिले काही मायक्रोग्रॅमच सर्वांत महागात पडतात. अमेरिकेतली सावधगिरीची मर्यादा १९६०च्या दशकात ६० होती. १९९१मध्ये ती १०, २०१२मध्ये ५ आणि २०२१मध्ये ३.५ झाली. सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तातले शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे; त्यांपैकी सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली असावीत, असा अंदाज आहे.

स्रोत. विसाव्या शतकात सर्वाधिक शिसे पेट्रोलमधून पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०००मध्ये थांबली, अल्जीरियात २०२१मध्ये, आणि जगभरच्या रस्त्यावरील वाहनांतून ते संपले. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे असू नये, असा भारताचा २०१६चा नियम आहे. जुन्या रंगांचे पोपडे आणि उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या यांचा धोका मात्र कायम आहे. नायजेरियातल्या झाम्फारा भागात २०१०मध्ये सोन्याचे खनिज घराच्या आवारात दळताना उडालेल्या शिशाच्या धुळीने चारशेहून अधिक बालके दगावली.

घरातले स्रोतही आहेत. मारुतीला आणि गावदेवांना तेलात खलून लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. त्वचेतून ते फारसे आत जात नाही. पण शेंदराचे बोट मुलाच्या तोंडात गेले की जाते. काही ठिकाणचा सुरमा म्हणजे शिशाचे सल्फाइड असते. कल्हई शुद्ध कथलाची असावी. त्यात शिशाची भेसळ असेल तर चिंचेच्या सारात वा ताकाच्या कढीत ते उतरते. बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४मध्ये प्रसिद्ध झाले.

उपचार आणि प्रतिबंध. पातळी फार वाढली तर शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे जीव वाचवतात. मध्यम पातळीवर मात्र त्यांची मर्यादा उघड झाली आहे. अमेरिकेत ७८० मुलांवर झालेल्या आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सक्सिमर या औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण मुलांच्या बुद्धीत फरक पडला नाही. लोह आणि कॅल्शियम यांची कमतरता भरून काढल्याने शिसे आत येण्याचा वेग मंदावतो. पण स्रोत तसाच राहिला तर तेवढे पुरत नाही.

स्रोतावर थेट घाव घातल्याचे उदाहरण बांगलादेशात आहे. तिथल्या ग्रामीण गर्भवतींच्या रक्तातले शिसे कुठून येते हे शोधताना संशोधकांनी समस्थानिकांचीच कसोटी लावली, आणि खूण पटली ती हळदीशी. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात होता. २०१९मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. वर्तमानपत्रांतून इशारे छापले गेले, बाजारात पत्रके वाटली गेली, ढाक्याच्या श्यामबाजारात छापा घालून भेसळीची हळद विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला. २०२१मध्ये असा एकही नमुना सापडला नाही, आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसे सुमारे ३० टक्क्यांनी उतरले.