पिना बसल्या, डिस्प्ले नाही

अकलूजच्या घोडेबाजारात जनावर घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, भावाचं बोलणं नंतर. जुना मदरबोर्ड घेणारं पोरगंही सॉकेटवरचं झाकण उचलतं, मोबाइलचा टॉर्च मारतं आणि एखादी पिन वाकलीय का ते तिरक्या नजरेनं न्याहाळतं. दातांवरून घोड्याच्या वयाचा अंदाज येतो. पिना सरळ आहेत म्हणून प्रोसेसर चालेलच, अशी खात्री मात्र कुणी देत नाही.

ती कधीकाळी देता येत होती. 1995 च्या सुमारास आलेल्या ‘सॉकेट 7’मध्ये इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के6 बसे, सायरिक्सचाही बसे. बोर्ड एक, कंपन्या तीन! जुळणी करायची ती मेकॅनिकनं. बोर्डवर जंपर नावाच्या बारीक टोप्या असत; त्या कुठल्या दोन पिनांवर चढवायच्या यावर प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज ठरे. साध्या पेंटियमला 3.3 व्होल्ट, एमएमएक्सला 2.8. टोपी चुकली की प्रोसेसर भाजायची भीती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत माल घेणाऱ्यांच्या पिशवीत म्हणूनच बोर्डाबरोबर त्याची पुस्तिकाही जपून येई.

स्वस्तातल्या गेमिंगची पहिली मोठी गोष्ट 1998 ची. सेलेरॉन 300ए हा इंटेलचा गरिबांसाठीचा प्रोसेसर. त्याची बस, म्हणजे बोर्डाशी बोलण्याचा वेग, 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केली की 300 चा प्रोसेसर बहुतेक वेळा 450 वर पळे. त्यासाठी 440 बीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपांचा संच) बोर्ड लागे. थोडक्यात, पैसे वाचवायचे तर प्रोसेसरमध्ये वाचवा, बोर्डमध्ये नको. हा धडा पुढे अनेकांनी उलटा गिरवला.

तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर पोचायला दोन गोष्टी कामी आल्या. 1997 मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत संगणकावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर आलं. मधेच, 2001 मध्ये, एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झालं. त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रं गावोगाव निघाली आणि सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं. केंद्राला दहा-वीस मशिनं लागत आणि ती बिघडली की जवळचा माणूस लागे. असेंबल करणाऱ्यांची गावातली पहिली फळी बहुधा याच मशिनांवर शिकली.

इथून पुढे मात्र जुळणीची किल्ली कंपन्यांकडे गेली. 2004 मध्ये इंटेलनं एलजीए 775 सॉकेट आणलं. पिना प्रोसेसरवरून उतरून बोर्डवर आल्या. त्यात पेंटियम 4 बसे, 2006 चा कोअर 2 ड्युओही बसे. पण 915 चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर कोअर 2 ड्युओ चढवला की पंखा फिरायचा आणि मॉनिटर काळाच. ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार तेव्हापासून मुक्कामाला आली. 2017 मध्ये तर कहर झाला: पिना तितक्याच, 1151, सॉकेटचं नाव तेच, तरी आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालेनात, 300 मालिकेचा नवा बोर्ड घ्यावा लागला. ग्राहकाच्या खिशात हात घालायचा याहून उघड प्रकार दुसरा सापडणं कठीण.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेला पेंटियम जी4560 बजेटवाल्यांचा लाडका ठरला. दोन कोअर, चार थ्रेड, जोडीला एच110 चिपसेटचा बोर्ड आणि जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड. मेख एवढीच की दुकानात पडून राहिलेल्या एच110 बोर्डांवर जुनी बायोस, म्हणजे बोर्डाला प्रोसेसर ओळखायला लावणारी आज्ञावली, असे आणि ती बदलायची तर आधी तिथे सहाव्या पिढीचा एखादा प्रोसेसर बसवावा लागे. पुण्यात शेजारच्या दुकानातून तो मागून आणता येई. दीडशेहून जास्त किलोमीटरवरच्या अकलूजच्या पोराला बोर्ड घेऊन पुन्हा एसटी पकडावी लागे.

एएमडीचं एएम4 सॉकेट 2017 पासून तगून राहिलं, तरी बायोसचा काच तिथंही होताच. 2018 मध्ये एएमडीच्याच नव्या रायझन प्रोसेसरसाठी जुने बोर्ड सुरू होईनात, तेव्हा कंपनीनं ग्राहकांना बायोस बदलण्यापुरता स्वस्तातला प्रोसेसर चक्क उसना पाठवला! पुढे प्रोसेसर इतके वाढले की बऱ्याच बोर्डांवरच्या 16 एमबीच्या बायोस चिपमध्ये सगळ्यांची माहिती मावेना. मे 2020 मध्ये एएमडीनं सांगितलं की बी450 चिपसेटच्या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही. ओरड झाली आणि त्याच महिन्यात शब्द फिरवावा लागला. 2022 पर्यंत तर सगळ्यात साध्या ए320 वरही रायझन 5000 चालू लागले.

आज ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत, तो ऑफिसांतून निघालेला तिसऱ्या पिढीचा आय5 घेतो आणि एच61 चा नवा कोरा बोर्ड. हा चिपसेट 2011 चा. पण झेब्रॉनिक्ससारख्या भारतीय ब्रँडांनी त्यावर वेगवान एनव्हीएमई एसएसडीची खाच देऊन तो जिवंत ठेवला. जोडी स्वस्त आहे, पण पुढे वाढवायला वाव नाही.

गेमिंगसाठी नवा पीसी जोडणाऱ्यानं पैसे देण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सीपीयू सपोर्टची यादी उघडावी, आपल्या प्रोसेसरसमोर कुठली बायोस लिहिली आहे ते पाहावं आणि दुकानातून निघण्याआधी तीच टाकून घ्यावी, डिस्प्ले डोळ्यांनी बघून.