दहा पिढ्यांचं शेतघर : स्कॉटलंडचं किटॉकसाइड



आज पिकाचं नाही, एका घराचं लिहितो. पण घर शेतातलंच आहे, आणि शेती कशी बदलत गेली ते त्याच्या भिंतीत वाचता येतं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या दक्षिणेला, ईस्ट किलब्राइडच्या कडेला वेस्टर किटॉकसाइड नावाचं शेत आहे. १५६७ साली ही जमीन रीड घराण्याकडे आली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ६३ वर्षं आधी. तिथून १९९२ पर्यंत, दहा पिढ्या, सव्वाचारशे वर्षं ती एकाच घराण्याकडे राहिली.

स्कॉटलंडात जमीनमालकाला लेअर्ड म्हणतात. मोठ्या लेअर्डांचे हजारो एकर आणि किल्ल्यासारखे वाडे. रीड त्यातले नव्हते. ते 'बॉनेट लेअर्ड'. बॉनेट म्हणजे गड्याच्या डोक्यावरची साधी लोकरी टोपी. जमीन स्वतःची, पण टोपी गड्याची आणि नांगर स्वतःच्या हातात. आपल्याकडचा जुना मिरासदार डोळ्यासमोर आणा, म्हणजे समजेल.

हा फरक घराच्या दृष्टीने मोठा आहे. तिकडचे बहुतेक शेतकरी कुळं होती. कुळ कशाला दगडी घर बांधेल? करार संपला की बांधलेलं सगळं मालकाचं. म्हणून जुनी घरं ठेंगणी असायची. भिंती दगड-मातीच्या नाहीतर गवताळ ढेकळांच्या, वर शाकार. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये चूल. लाकूड इतकं दुर्मिळ की घर बदलताना बरीच कुळं छपराची लाकडं काढून सोबत न्यायची.

जमीनही तुकड्यातुकड्यात होती. उंच वरंब्यासारखे लांब पट्टे, एकाचा पट्टा इथं, दुसरा तिथं, मध्ये दुसऱ्याचा. कुंपण नाही. पीक निघालं की सगळ्यांची गुरं मोकळी. अठराव्या शतकात हे मोडलं. पट्टे एकत्र झाले, शेताला काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण आलं, जमिनीत चुना पडू लागला, क्लोव्हर आणि टर्निप आले. टर्निप म्हणजे सलगम, गुरांचा हिवाळी चारा. आधी हिवाळ्यात गुरं हाडाला लागायची, आता थंडीतही त्यांना खायला मिळू लागलं. तिकडं ग्लासगो वाढत होतं, त्याला दूध-लोणी हवं होतं. पावसाचा मुलूख, गवत चांगलं. मग शेत दुधाकडं वळलं यात नवल नाही.

किटॉकसाइडचं आजचं घर नेमकं याच काळातलं, १७८२ ते १७८४ मध्ये बांधलेलं. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते. पक्क्या दगडी भिंती, धुराडी, काचेच्या खिडक्या. माणसाचं घर वेगळं आणि गुरांचा गोठा वेगळा. पण लांब नाही. गोठा, धान्याचं कोठार, घोड्यांची पागा, सगळं घराला लागून, अंगणाभोवती.

त्याच दशकात अँड्र्यू मीकल या स्कॉटिश कारागिराने मळणीयंत्र चालवून दाखवलं. मग तिथल्या बऱ्याच शेतांवर कोठाराला लागून गोल छपरी उभ्या राहिल्या. आत घोडे गोल फिरायचे, जसा आपल्या जुन्या लाकडी चरकाला बैल फिरायचा. एक यंत्र आलं आणि इमारतीचा आकार बदलला.

आता मुद्द्याचं. सव्वाचारशे वर्षं हे शेत एकसंध राहिलं कसं? एक मोठं कारण कायदा. तिकडे मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची. हा नियम १९६४ च्या कायद्याने गेला. वाटणीच नाही, मग बांध कुठून पडणार? पण त्याची किंमत कोणी भरली तेही बघा. धाकट्या भावांनी आणि बहिणींनी. आणि पट्टे एकत्र झाले तेव्हा स्कॉटलंडभर कितीतरी लहान कुळं आणि मजूर जमिनीवरून उठले, शहरात नाहीतर बोटीने परदेशात गेले. म्हणून 'आपल्याकडेही तसंच पाहिजे होतं' असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे वाटणीने तुकडे होतात हे खरं, पण वाटा सगळ्यांना मिळतो हेही खरं.

दुसरं कारण रीडांचा स्वभाव. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जास्त पिकवा म्हणून जोर होता. कुंपणं उपटून मोठी रानं झाली, गोठे मोडून शेडं उभी राहिली. किटॉकसाइड त्या मार्गाने गेलं नाही. जुनी कुंपणं, जुनी शेतं, जुना गोठा तसाच राहिला.

दहाव्या पिढीवर साखळी थांबली. १९९२ मध्ये मार्गारेट रीड यांनी घर आणि जमीन स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टला दान दिली. २००१ मध्ये तिथं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय सुरू झालं. नवी इमारत त्यांनी जुन्या अंगणात घुसवली नाही, लांब बांधली. तिथून लोकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतावर नेतात. शेत चालू आहे. १९५० च्या दशकातल्या पद्धतीने, घोड्याची जागा ट्रॅक्टर घेत होता त्या काळाप्रमाणे. एअरशायर गाईंची धार काढली जाते. त्या काळात ब्रिटनभर फर्ग्युसनचा छोटा करडा ट्रॅक्टर चालायचा. आपण मागे तीन ठिकाणी अवजार जोडतो ना, ती पद्धत त्याच हॅरी फर्ग्युसनने रूढ केली.

हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. आपलेही जुने वाडे असंच बोलतात. दिंडीदरवाजाची रुंदी सांगते, भरलेली गाडी आत यायची का. दावणीचे खुंटे मोजले की बैलजोड्या कळतात. पेव आणि बळदाच्या मापावरून ज्वारी किती पिकायची याचा अंदाज येतो. आता वाटण्या झाल्या, माती ढासळली, स्लॅब हवा आहे. पाडू नका म्हणणं सोपं, दुरुस्तीचा खर्च कोण देणार? पण जेसीबी लावायच्या आधी टेप धरून मापं घ्या, चारी बाजूंनी फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कुठं काय होतं ते वहीत लिहा. एका दुपारचं काम आहे. दान द्यायला वाडा उरला नाही, तरी नातवाला दाखवायला वही उरेल.