‘बी धरणे’ : मालदांडीच्या निवडीचा इतिहास

ज्वारीच्या बियाण्याचा इतिहास अभ्यासताना ‘बी धरणे’ हा शब्दप्रयोग ध्यानात घेतला पाहिजे. उभ्या पिकातील भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसे वेगळी काढून पुढील पेरणीसाठी राखून ठेवणे, हा त्याचा अर्थ. निवडीचे हे कर्म शेतकऱ्याच्याच घरचे होते. सोलापूरकडील काळ्या जमिनीत उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास पाभरीने वा तिफणीने ओलीवर पेरली जाणारी मालदांडी अशाच निवडीतून स्थिरावली. १९३० च्या दशकात मोहोळ येथील संशोधन केंद्रात तिच्यातूनच ‘एम ३५-१’ हा वाण निवडण्यात आला. येथे शास्त्राने परंपरेचे सूत्र तोडले नाही. निवड अधिक काटेकोर केली, इतकेच.

खरा खंड पडला तो १९६४ साली. त्या वर्षी प्रसृत झालेल्या ‘सीएसएच-१’ या संकरित वाणाचे बी घरी धरल्यास पुढील पिढीत त्याचे गुण विखुरतात. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. खरिपात ‘धरणे’ जाऊन ‘आणणे’ आले. रब्बीत मात्र मालदांडी टिकली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बियाण्यावरील अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची साक्ष ही दोन क्रियापदे देतात.