सागवानी घोडेस्वार

धारणीच्या एसटी स्टँडवरून निघा. डांबरी रस्ता सोडून पाऊलवाटेला लागलात की साल मागं सरकवा: 1901. मेळघाट अजून एलिचपूर जिल्ह्यात आहे. वऱ्हाडावर मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा.

कोरकू आदिवासींच्या गावात शिरताच तुम्हाला ओसाड अंगणं दिसतात. 1899-1900 चा दुष्काळ नुकताच सरलाय. दहा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत मेळघाटात शेहेचाळीस हजारांवर माणसं होती. यंदा साडेछत्तीस हजारांच्या आसपास. सरकारी वहीत गेलेली माणसं अशी वजाबाकीत आहेत. गावानं त्यांचा हिशेब वेगळा ठेवलाय.

इथं मेलेल्याला पुरतात. आधी खड्ड्यात दोन पैसे टाकायचे: जागा फुकट घ्यायची नाही, विकत घ्यायची. डोकं दक्षिणेला. माती लोटताना तिच्यात काटेरी झुडपं मिसळायची, वर दगड रचायचे, तरसानं उकरू नये म्हणून.

एवढ्यानं मेलेला सुटत नाही. सिडोलीचा विधी होईपर्यंत तो पितरांत जात नाही. पण सिडोलीला बकरा लागतो, धान्य लागतं, मोहाची दारू लागते, भावकीला जेवण लागतं. दुष्काळात हे कुठून यायचं? म्हणून मेलेले थांबलेत. यंदा थोडं पिकलं आणि एका घरानं आपल्या सगळ्या थांबलेल्यांना एकदमच वाट करून द्यायचं ठरवलंय. ढोल वाजतोय, तुमच्याही हातात मोहाच्या दारूचा द्रोण येतो.

गावाबाहेर झाडाखाली मुंडे उभे आहेत, मेलेल्यांचे सागवानी खांब, काही कलंडलेले. नव्या मुंड्याचा ताजा भुसा अजून खाली पडलाय. मुंड्यावर सूर्य-चंद्र कोरलेत आणि एक घोडेस्वार. नाव शोधू नका, ते कोरलेलंच नाही.

याच डोंगररांगेत गाविलगड आहे. 15 डिसेंबर 1803 रोजी तिथं लढता लढता पडलेला किल्लेदार बेनीसिंग इतिहासाच्या पुस्तकांत आहे. गड घेणारा आर्थर वेलस्ली तर पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला. नाव राहायचं तर गड तरी राखावा लागतो, नाहीतर घ्यावा लागतो. मुंड्याची अट सोपी आहे. जन्मभर बैलांमागं चाललेला माणूसही मेल्यावर घोड्यावर बसतो, आणि सूर्य-चंद्र सगळ्यांना सारखेच.

आता आजच्या सालात या. भोपाळच्या संग्रहालयांत असे मुंडे जपून ठेवलेत. ते जरूर पाहा. तिथं लाकूड टिकेल. मेळघाटात ते उन्हापावसात झिजतं, आणि कोरणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. दगड हवा असता तर डोंगरभर पडला होता. त्यानं लाकूड घेतलं, कारण त्याला मेलेल्याचं नाव राखायचं नव्हतं, मेलेल्याला पितरांपर्यंत पोचवायचं होतं.